चिखलणीनंतर ट्रॅक्टरच्या पुढच्या ॲक्सलची देखभाल

भातखाचरात चिखलणी झाली की पुढच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या फिरत्या भागात) चिखलपाणी शिरते, म्हणून टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल तेव्हाच तपासावा. हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड लावून ॲक्सल जॅकने उचलावा आणि खाली भक्कम ठोकळा द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही काम करू नये. चाक वर-खाली धरून हलवावे: फक्त हब हलत असेल तर बेअरिंग ढिले आहे, परंतु स्पिंडलसकट (हब ज्या दांड्यावर फिरतो त्यासकट) चाक हलत असेल तर किंगपिनचा, म्हणजे चाक वळवणाऱ्या उभ्या पिनचा, बुश (पिनभोवतीची नळी) झिजलेला असून तो बदलावाच लागतो. हबमधले ग्रीस दुधाळ दिसल्यास, म्हणजे त्यात पाणी मिसळले असल्यास, ऑइल सीलही (पाणी अडवणारी कडी) बदलावे. निपलमध्ये (ग्रीस भरायच्या छोट्या तोटीत), विशेषतः ॲक्सल ज्यावर झुलतो त्या, हमखास विसरल्या जाणाऱ्या मधल्या पिनच्या निपलमध्ये, जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत ग्रीस भरावे.