रीफ टँकमधले पहिले मासे: या चुका टाळा

नवशिक्यांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये बरेच मासे पाणी बिघडून नाही, तर उपासमारीने जातात. पाण्याची क्षारता (विशिष्ट गुरुत्वात मोजलेली) १.०२५ आहे का हे आपण दहादा तपासतो, पण हा मासा खातो काय, हे दुकानात विचारायचं राहूनच जातं.

सर्वाधिक बळी जातो मँडरिनचा. निळ्या-केशरी नक्षीचा हा मासा दिवसभर दगडांवर टिपत फिरतो, म्हणून वाटतं की छान चाललंय. तो टिपतो ते कोपेपॉड, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव. छोट्या, नव्या टँकमधला त्यांचा साठा बघता बघता संपतो आणि पेलेटकडे (कोरड्या खाण्याच्या गोळ्यांकडे) तर तो सहसा ढुंकूनही पाहत नाही. मग पोट खपाटीला जातं, डोक्यामागचा भाग बसतो. तोवर फार उशीर झालेला असतो. इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाणारा क्लीनर रास आणि प्रवाळ कुरतडणारे बरेचसे बटरफ्लायफिश यांचंही तेच.

म्हणून दुकानदाराला एकच गळ घाला: ‘माझ्यासमोर याला खायला टाका.’ जो खात नाही तो घ्यायचा नाही, मग स्वस्तात मिळो नाहीतर फुकट.

निळा टँग हा मासा पिल्लू असताना गोजिरवाणा दिसतो, पण तो ३० सेंटीमीटरपर्यंत वाढतो. दोन फुटी टँकमध्ये त्याला आणूच नका. डॅमसेल हा छोटा मासा चिवट म्हणून ‘टँक सेट करायला’, म्हणजे पाण्यातली घाण पचवणारे जिवाणू वाढवायला, गळ्यात मारतात. पुढे तोच दादागिरी करतो आणि त्याला पकडायला सगळे दगड उपसावे लागतात. टँक माशांशिवायच सेट करा. साधारण ४ ते ६ आठवडे जातात. टेस्टमध्ये अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून तयार होणारी, माशांना विषारी द्रव्यं) शून्य आले की मगच मासे.

सुरुवातीला हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) जन्मलेल्या ऑसेलॅरिस क्लाउन माशांची जोडी उत्तम. ती पेलेटवरच वाढलेली असते आणि तिला अ‍ॅनिमोन (क्लाउन ज्यात राहतात तो फुलासारखा समुद्री जीव) लागत नाही. भारतात दगडी प्रवाळ मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्रघोड्यांनाही या कायद्याचं संरक्षण आहे. दुकानदार ‘चालतं हो’ म्हणाला तरी घेऊ नका. कृत्रिम दगडांवर भागवा.

आता उलटी चूक: माया उतू जाणं. मासा काचेपाशी आला की चिमूट टाकायची सवय लागते. उरलेलं खाणं कुजतं, नायट्रेट-फॉस्फेट वाढतं आणि दगडांवर केसासारखं हिरवं शेवाळ येतं. ते आलं की लोक आधी लाइट बदलतात. आधी हात आखडा! दोन क्लाउनना दिवसातून दोनदा, दीड-दोन मिनिटांत संपेल इतकंच. फ्रोजन मायसिसचा (कोळंबीसारख्या बारीक जीवांचा) अख्खा क्यूब त्यांना जास्त होतो. तुकडा मोडून कपभर पाण्यात वितळवा, चहाच्या गाळणीतून गाळा (ही गाळणी वेगळीच ठेवा, घरात वाद नकोत) आणि ते पाणी टँकमध्ये ओतू नका.

नवा मासा पहिल्या दिवशी खात नसेल तर घाबरू नका, लाइट मंद ठेवा. तिसऱ्या दिवशीही तोंड लावलं नाही, तर अमोनिया तपासा आणि दुसरा मासा त्याला हाकलतोय का ते पाहा.

गावाला जाताना शेजारच्या काकूंकडे खाण्याचा डबा देऊ नका. धडधाकट क्लाउन दोन-तीन दिवस उपाशी राहू शकतात. त्याहून जास्त जाणार असाल, तर रोजची चिमूट वेगळ्या पुडीत बांधा, पुडीवर वार लिहा आणि उरलेला डबा कपाटात कुलूपबंद करा.