माणसांचे फोटो ग्रुपवर टाकताना या चुका टाळा

हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव, मालवणची रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं), शिमग्याची पालखी, दशावताराची रात्र. इतकं सगळं दारात असताना कोकणात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याकडे माणसांचे फोटो जमणारच, आणि ते फोटोवाल्या मित्रांना दाखवावेसेही वाटणारच. पण कॅमेऱ्यातला फोटो आणि ग्रुपवर पोहोचलेला फोटो यांच्यामध्ये बरंच काही बिघडतं. काही बिघाड तांत्रिक असतात, ते घरी बसून सुधारता येतात. काही मात्र फोटोतल्या माणसाच्या वाट्याला येतात, आणि फोटो एकदा पुढे गेला की ते कुणालाच सुधारता येत नाहीत. म्हणून माझा आग्रह असा, की ज्याचा चेहरा आहे त्याने फोटो आधी पाहावा, आपल्या मित्रांनी नंतर.

ग्रुपवर गेला की फोटो मऊ पडतो

व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने फोटो पाठवला की तो लहान करून, दाबून पाठवला जातो. पापण्या, गालावरच्या सुरकुत्या, नथीतले मोती असे बारकावे सगळ्यात आधी जातात. मित्र म्हणतात फोकस चुकला, आणि आपण लेन्सला दोष देतो. २०२३ पासून पाठवताना एचडी निवडायची सोय आहे, ती वापरा. त्याहून चांगलं म्हणजे एक्स्पोर्ट करतानाच, म्हणजे एडिटिंगनंतर पाठवायची प्रत काढतानाच, लांब बाजू २०४८ पिक्सेलची करायची, पडद्यासाठी थोडं शार्पनिंग द्यायचं आणि फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. डॉक्युमेंट जसंच्या तसं पोहोचतं.

मात्र या उपायातच पुढची चूक दडलेली आहे. फोटो म्हणून पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप फाइलमध्ये दडलेली माहिती (फोटो कधी, कुठे, कशाने काढला ती) काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की ती सगळी तशीच जाते, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशसुद्धा जातात. आपल्याकडे कितीतरी वाड्यांमध्ये मुलं मुंबईला आणि घरात एकटी आजी अशी स्थिती आहे. तिच्या पडवीत काढलेला सुंदर पोर्ट्रेट शंभर अनोळखी मोबाइलवर जातो, आणि त्यासोबत तिच्या घराचा नेमका ठिकाणाही. ही मला सगळ्यात गंभीर तांत्रिक चूक वाटते, कारण पाठवणाऱ्याला ती दिसतच नाही. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्ट करताना लोकेशन काढून टाकायचा पर्याय आहे. आयफोनवर फोटो शेअर करताना वरच्या पर्यायांत लोकेशन बंद करता येतं. विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमधल्या डीटेल्समधून ही माहिती पुसता येते. गूगल फोटोजचा अल्बम शेअर करणार असाल तर त्यातलीही लोकेशनची खूण काढा.

चेहरा हिरवा, निळा किंवा काळा येतो

माडापोफळीच्या आगरात काढलेल्या फोटोत चेहरा हिरवट दिसतो, कारण झावळ्यांमधून गाळून आलेला आणि पानांवरून परतलेला उजेड हिरवा असतो. बंदरावर निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या माणसाचा चेहरा निळा पडतो. जांभ्याच्या चिऱ्यांच्या अंगणात हनुवटीखाली तांबूस झाक येते. उजेडाची झाक आपोआप काढणाऱ्या कॅमेऱ्यातल्या ऑटो व्हाइट बॅलन्सला हे तिन्ही नीट सावरता येत नाही. रॉमध्ये काढा, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये; तिच्यात रंग नंतर सुधारता येतात. त्याच उजेडातलं काहीतरी पांढरं, सदऱ्याची कॉलर किंवा चुन्याची भिंत, फोटोत असेल तर त्यावर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर टेकवा. हिरवट झाक टिंटची पट्टी मॅजेंटाकडे नेली की उतरते. मात्र सगळा फोटो ओढू नका, चेहऱ्यापुरताच मास्क लावा (म्हणजे बदल तेवढ्याच भागावर होईल), नाहीतर मागचं आगर जांभळं होतं.

काळ्या चेहऱ्यांचं कारण वेगळं आहे. आपल्याकडे सूर्य समुद्रात मावळतो, म्हणून जो तो माणसाला समुद्राकडे पाठ करून उभा करतो. मागे लखलखतं आकाश आणि पाणी, पुढे चेहरा अंधारात. उलट करून पाहा. समुद्राकडे पाठ तुम्ही करा, माणसाला पाण्याकडे तोंड करू द्या. सूर्यास्ताआधीच्या अर्ध्या तासातला तो उजेड चेहऱ्यावर जसा पडतो तसा कुठल्याही स्टुडिओत मिळत नाही. मागे समुद्रच हवा असेल तर चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग करा (उजेड फक्त तिथलाच मोजायचा) किंवा फोटो उजळ करणारं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ च्या आसपास न्या, आणि आकाश थोडं जळलं, म्हणजे पांढरंफट्ट पडलं, तर पडू द्या.

पण उजेड वाढवणं आणि माणसाला गोरं करणं यांत मोठा फरक आहे. दिवसभर उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात काम करणाऱ्या बाईचा रंग दोन पायऱ्यांनी उजळायचा, सुरकुत्या पुसायच्या आणि वर ‘काय तेज आहे चेहऱ्यावर’ म्हणायचं, हे मला मनापासून खटकतं. ते तेज तुम्हीच पुसलेलं असतं. बऱ्याच मोबाइलमध्ये त्वचा गुळगुळीत करणारा फिल्टर न विचारता चालू असतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तो शून्यावर आणा.

बाकी दोन बारीक गोष्टी. रंग मित्रांच्या पडद्यावर फिके दिसत असतील तर फाइल अडोबी आरजीबी या रंगपद्धतीत गेलेली असू शकते, शेअर करायची प्रत बहुतेक पडद्यांना चालणाऱ्या एसआरजीबीमध्येच काढा. आणि सगळेच फोटो धूसर येत असतील तर लेन्सच्या काचेवर बोट फिरवून पाहा. किनाऱ्यावर खाऱ्या तुषारांचा पातळ थर बसतो. तो पुसूनही धूसरपणा राहिला तर टॉर्च लावून आत बुरशी धरली आहे का ते बघा.

दशावतारात आडवे पट्टे येतात

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून त्यावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे सहसा जातात. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलेलं असेल तर ते बंद करून मेकॅनिकल वापरा. फ्लॅश तर मारूच नका. आणि रंगपटात अर्धवट रंगलेल्या, अर्धी साडी नेसलेल्या नटाचे फोटो त्याला दाखवल्याशिवाय कुठेही टाकू नका. राणी होऊन रंगमंचावर येणारा माणूस तिथे अजून तयार झालेला नसतो.

विचारायचं राहून जातं

‘विचारलं तर फोटो कॅन्डिड, म्हणजे नकळत टिपलेला, कसा राहील?’ हा प्रश्न दरवेळी येतो. हर्णैला संध्याकाळचा लिलाव ऐन रंगात असताना बोली पुकारणाऱ्या मावशींना थांबवून परवानगी मागणं चूकच आहे, त्यांचं काम मोडतं. काढा, पण लांबून मोठी लेन्स लावून बोटीआड लपून नको. दिसेल असे उभे राहा, २८ किंवा ३५ मिलिमीटरच्या रुंद लेन्सने जवळून काढा. थोड्या वेळाने त्यांना तुमची सवय होते आणि चांगले फोटो त्यानंतरच मिळतात. लिलाव संपला की जाऊन पडदा दाखवा. बहुतेक जणी खूश होतात, शेजारणीला बोलावून दाखवतात. एखादी म्हणेल, ‘माका इचारल्याशिवाय फोटो कित्याक काढलंस?’ तर वाद न घालता तिच्यासमोर पुसा. दोन कार्डांवर साठवणारा कॅमेरा असेल तर दोन्हींवरून. मोबाइल असेल तर हटवलेल्या फोटोंच्या फोल्डरमधून आणि क्लाउडवर आपोआप गेलेल्या प्रतीतूनही.

फोटो काढायला होकार दिला म्हणजे शेअर करायला दिला असं धरून चालणं, ही अनुभवी मंडळींचीही चूक. ‘काकी, फोटो काढू का?’ आणि ‘आमच्या ग्रुपवर टाकू का?’ हे दोन प्रश्न आहेत. इन्स्टाग्राम हा तिसरा. गावातला फोटो विरारच्या पुतण्यापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही, आणि घरच्या कपड्यांतला, घामाघूम चेहरा नातेवाइकांनी आधी कुणाच्या तरी पोस्टवर पाहावा, असं कुठल्या बाईला आवडेल?

लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांच्या होकाराशिवाय शेअर करणं नाही, एवढा एकच नियम पुरे. शाळेचा बिल्ला दिसत असेल तर फोटोतला तेवढा भाग कापा. खाडीत उघड्याने पोहणाऱ्या मुलांचे फोटो कितीही निरागस वाटले तरी कुणालाही पाठवू नका.

फोटोखाली आपलंच काहीतरी लिहिणं

‘कष्टाचं जिणं’, ‘हरवत चाललेलं कोकण’, ‘गरिबीतलं समाधान’. ज्या माणसाशी दोन शब्द बोललो नाही त्याच्या मनातलं आपण फोटोखाली लिहून मोकळे होतो. १९३६ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे डोरोथिया लँग यांनी मुलं कुशीत घेतलेल्या एका मजूर आईचा फोटो काढला. तो जगभर गाजला. आपण तिचं नाव विचारलं नाही, असं लँग यांनी पुढे स्वतः लिहिलं. ती बाई फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन होती, हे १९७८ मध्ये लोकांसमोर आलं, आणि तो फोटो काढला गेल्याची तिला खंत होती. इतका मोठा फोटो, आणि फोटोतल्या बाईला तो नकोसा. नाव विचारा, काय काम चाललंय ते विचारा आणि तेवढंच लिहा: ‘सुरमईचा लिलाव, हर्णै, दापोली तालुका’. नाव छापायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं.

हक्क कुणाचा

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा हक्क साधारणपणे काढणाऱ्याचा. मोबदला देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल तर तो काढून घेणाऱ्याचा. पण कॉपीराइट तुमचा असला तरी चेहरा तुमचा होत नाही. एखादा होमस्टेवाला जाहिरातीसाठी फोटो मागेल तेव्हा फोटोतल्या माणसाची लेखी संमती घ्या. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच दिला आहे. स्वतःचं नाव फोटोवर टाकायचं तर कोपऱ्यात, छोटं. चेहऱ्यावरून आडवं नको.

मित्रांकडून ‘अप्रतिम’खेरीज काही ऐकायचं असेल तर एका पालखीचे तीसचाळीस फोटो ओतू नका. तीन निवडा आणि नेमकं विचारा: मागचा पिवळा शर्ट खटकतो का, डोळ्यांत पुरेसा उजेड आहे का.

आणि छापील प्रत द्यायची राहू देऊ नका. चार बाय सहाची प्रत तालुक्याच्या कुठल्याही स्टुडिओत निघते. मॅट कागद घ्या. फ्रेम करून देणार असाल तर काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड कागदाची चौकट घालायला सांगा, नाहीतर पावसाळ्याच्या दमटपणात फोटो काचेला चिकटतो. द्यायला जून-जुलै बरे. मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि मंडळी घरीच जाळी दुरुस्त करत बसलेली सापडतात. पाकिटावर नाव आणि वाडी लिहून न्या, बंदरावरच्या टपरीवर दाखवलं की घर कुणीही सांगेल.