कोडिंगचा पहिला तास घेण्याआधी

तासाची तारीख ठरली की तिथून मागे तीन आठवडे मोजा. यातले पहिले दोन आठवडे मुलांसाठी नाहीत, आपल्यासाठी आहेत. मी सहावीला गणित शिकवते. शाळा पुण्यातल्या पेठेतली, मराठी माध्यमाची, वर्गात चाळीस मुलं आणि चालू असलेले दहा संगणक. मी कॉलेजात कधी प्रोग्रॅमिंग शिकले नव्हते. म्हणून ही यादी माझ्यासारख्या शिक्षकांसाठी आहे. ज्यांना आधीपासून येतं त्यांना यातलं बरंच लागणार नाही.

आधी एकच साधन पक्कं करा. मी स्क्रॅच घेतलं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं. ते मोफत आहे, साधारण ८ ते १६ वर्षांच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेलं आहे आणि त्यात आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत, रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे असतात. दहा साधनं चाळत बसलात तर तीन आठवडे त्यातच जातील. पालकसभेत 'सहावीला हे कशाला?' असा प्रश्न हमखास येतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम सुरू करायला सांगितलं आहे, एवढं वाक्य तयार ठेवा.

मग एक साधी शंभर पानी वही घ्या आणि तिच्यावर 'चुका' असं लिहा. या अख्ख्या तयारीत मला सर्वांत जास्त कामाला आलेली वस्तू हीच. आपण स्वतः शिकताना जिथे जिथे अडतो, ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं, कारण एकदा जमलं की आपण का अडलो होतो ते आठवत नाही, आणि मुलं नेमकी तिथेच अडतात. माझ्या वहीतलं पहिलं पान त्रिकोणाचं आहे. स्क्रॅचच्या पडद्यावर एक मांजर असतं, आज्ञेप्रमाणे ते चालतं आणि मागे रेघ काढतं. त्याच्याकडून चौरस सहज जमला होता: चार वेळा, शंभर पावलं पुढे, ९० अंशांत वळ. त्रिकोणाला मी तीन वेळा आणि ६० अंश दिले. समभुज त्रिकोणाचा कोन साठचाच, हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे! पडद्यावर त्रिकोण मिटलाच नाही. अर्धा षटकोन उमटला आणि मांजर डोकं खाली, पाय वर करून थांबलं. शेवटी मी स्वयंपाकघरात जमिनीवर खडूने त्रिकोण काढून त्याच्यावरून चालून पाहिलं. तेव्हा कळलं की कोपऱ्यावर आपण आतल्या कोनाइतकं वळत नाही, बाहेरच्या कोनाइतकं वळतो, म्हणजे १२० अंश. तीन वेळा १२० म्हणजे ३६०. चौरसाचे चार वेळा ९० हेही ३६०च. मांजर उलटं का झालं, तेही यातच आलं: तीन वेळा ६० म्हणजे १८०, अर्धाच फेरा. बहिर्कोन मी इतकी वर्षं शिकवला, पण असा पायाखालून गेला नव्हता. पहिल्या तासाला त्रिकोण ठेवा आणि ६० अंशांची चूक मुलांकडून होऊ द्या. उत्तर सांगू नका, चालायला लावा.

त्याच वहीत बारीकसारीक गोष्टी आहेत. पेनचे, म्हणजे रेघ काढायचे, ठोकळे आपोआप दिसत नाहीत, खाली डाव्या कोपऱ्यातल्या बटणातून ते जोडून घ्यावे लागतात. चित्र इतक्या झपाट्याने उमटतं की मुलांना काहीच कळत नाही, म्हणून प्रत्येक वळणाआधी एक सेकंद थांबण्याचा ठोकळा घाला. मांजर मोठं असतं, स्वतःच काढलेली रेघ झाकून टाकतं. त्याचा आकार ३० करा. दर वेळी सुरुवातीला चार ठोकळे हवेतच: मधोमध जा, तोंड ९० कडे (म्हणजे उजवीकडे) कर, जुनं पूस, पेन टेकव. हे विसरलं की आधीच्या रेघा तशाच राहतात आणि 'बाई, आमचं चुकलंय का?' असं दहा ठिकाणांहून एकदम ऐकू येतं.

तिसऱ्या आठवड्यात संगणक बंद ठेवून एक तास घ्या. आमच्या वर्गात शाहाबादी फरशी आहे, तिच्या चौकटी आयत्या कामाला येतात. एक मूल यंत्र होतं, दुसरं आज्ञा देतं, आणि यंत्राला फक्त 'एक फरशी पुढे', 'उजवीकडे वळ', 'डावीकडे वळ' एवढंच कळतं. 'तिकडे जा' म्हटलं की यंत्र जागचं हलत नाही. समोरासमोर उभं राहिलं की डावं-उजवं उलटं होतं, तो गोंधळ इथेच निस्तरा, पडद्यासमोर तो फार वेळ खातो. ठिपक्यांची रांगोळी शेजारच्याला फक्त तोंडी सांगून काढायला लावणं, हा दुसरा खेळ. संगणकाशिवाय असा विचार करायला लावणारं साहित्य एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या सीएसपाठशाला उपक्रमाने तयार केलं आहे. ते बघून घ्या, मला त्याचा आधार झाला.

आता लॅब. प्रत्येक यंत्रासमोर स्वतः बसून ते सुरू करा. घरच्या लॅपटॉपवर चाललं म्हणजे शाळेत चालेलच असं नाही. इंटरनेटचा भरवसा नसेल तर स्क्रॅचचं ऑफलाइन ॲप टाका; त्याला निदान विंडोज १० लागतं, जुन्या यंत्रांवर अडेल. ऑफलाइन असताना भाषांतराचे आणि वाचून दाखवणारे ठोकळे चालत नाहीत, ते धड्यात घेऊ नका. एक्स्टेन्शन बोर्ड आणि प्रोजेक्टरची केबल तपकीर गल्लीत मिळते, पण जाण्याआधी प्रोजेक्टरच्या मागच्या खाचेचा फोटो काढून न्या. पुठ्ठे आणि कार्डशीट अप्पा बळवंत चौकातून घ्या. ठोकळ्यांवरचे शब्द इंग्रजीत असतील तर पंधरा-वीस शब्दांचे मराठी तक्ते लावा, नाहीतर आज्ञा वाचता येत नाही म्हणून हुशार मूल मागे पडतं. आणि शक्यतो गुरुवार टाळा, दुरुस्तीसाठी वीज जायची ती बहुतेक त्याच दिवशी.

खात्यांचं काम सोपं आहे: स्क्रॅचवर शिक्षकाचं खातं मागितलं की मुलांची खाती आपल्यालाच उघडता येतात, त्यांना ईमेल लागत नाही. वापरकर्ता नावात मुलांची खरी नावं घालू नका आणि पालकांची लेखी संमती घ्या.

जोड्यांचा मात्र नीट विचार करून ठेवा. दहा संगणक, चाळीस मुलं. एका वेळी निम्मा वर्ग लॅबमध्ये, उरलेला फरशीवर, म्हणजे एका यंत्रापाशी दोघं. माउस एकाच्या हातात, दुसरा सांगणार, आणि सात मिनिटांनी घंटा वाजली की अदलाबदल. घंटा वाजवलीच पाहिजे. मी पहिल्यांदा हे मुलांवर सोडलं तर तासाच्या शेवटी जवळजवळ प्रत्येक माउस मुलग्यांच्या हातात होता आणि मुली शेजारी हात बांधून बसल्या होत्या. ते दृश्य मला अजून टोचतं. आता प्रत्येक जोडीत पहिला माउस कोणाकडे, हे मी आदल्या दिवशी हजेरीवर खूण करून ठरवते.

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलांच्याच बाकावर बसून अख्खा तास एकदा करून पाहा: चौरस, चुकलेला त्रिकोण, बरोबर त्रिकोण. मग फाइल जतन करा. नावात वर्ग आणि हजेरी क्रमांक घालायची पद्धत फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या आठवड्यात दहा यंत्रांवर एकाच नावाच्या वीस फायली सापडतात. पिशवीत चुकांची वही, घंटा, पेनड्राइव्ह, दोन रंगांचे खडू, आणि पडद्यावरची खडूची धूळ पुसायला एक जुना सुती रुमाल.