गोधडीची बैठक सुरू करायची तर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. पूर ओसरल्यावर आमच्या गल्लीत दारोदारी चिखलाने माखलेल्या कपड्यांचे ढीग पडले होते. माझ्या शिवणक्लासची तीन मशिनं गेली. चार-चार वेळा धुऊनही डाग न निघालेल्या साड्या बायका टाकायला निघाल्या, तेव्हा मी म्हटलं, टाकू नका गं, गोधडी करू. शाळेच्या एका खोलीत आम्ही सहा जणी बसलो. लॉकडाऊनचे महिने सोडले तर तेव्हापासून दर बुधवारी बसतोय. तुम्हालाही अशी बैठक सुरू करायची असेल, तर मला जे उमजलंय ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे बोलावताना शिवणालाच बोलवा. ‘मन मोकळं करायला या’ म्हटलं की कुणी येत नाही. आलीच तर सासू विचारते, तुला काय झालंय? गोधडीला जाते म्हटलं की घरातून कुणी अडवत नाही. पुरानंतर आमच्याकडे रात्र-रात्र झोप नसलेल्या बायका होत्या, पावसाची सर आली की हात थरथरायला लागणाऱ्या होत्या. त्यांतली एकही ‘मला त्रास होतोय’ म्हणून आली नव्हती. सगळ्या साड्या घेऊन आल्या.

जागा निवडताना घाई करू नका. देवळाचा सभामंडप फुकट मिळतो, पण तिथे पाळीच्या दिवसांत काही जणी येत नाहीत आणि पलीकडच्या मोहल्ल्यातल्या भाभी तर कधीच येत नाहीत. शाळेची किंवा अंगणवाडीची खोली बरी. वेळ तीन ते पाच ठेवा, म्हणजे दुपारची भांडी आवरलेली असतात आणि संध्याकाळचा स्वयंपाक लागलेला नसतो. वार बदलू नका. दोघीच आल्या तरी बसा.

आता कापड. एका माणसाच्या गोधडीला चार-पाच जुन्या सुती साड्या पुरतात. नऊवारी मिळाली तर उत्तम, धुऊन-धुऊन मऊ झालेली असते आणि सुई लोण्यात शिरावी तशी शिरते. जरीचे जाड काठ आधी कापून ठेवा. सिंथेटिक साडी आत घालू नका, थर सरकतात. सतरंजीवर खालचं कापड ताणून अंथरा, वर एकेक थर हाताने सुरकुत्या काढत पसरा आणि मोठे कच्चे टाके घालून सगळं धरून ठेवा. जाड सुती दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंततो आणि मन आधीच गुंतलेलं असेल तर तेवढ्यानेही डोळ्यांत पाणी येतं. दोन-तीन अंगुस्तानं आणि एक जास्तीचा चष्मा डब्यात असू द्या. चाळिशी पार केलेल्या बायका सुई ओवता येत नाही म्हणून गप्प बसून राहतात, सांगत नाहीत. म्हणून मी बैठकीआधीच दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवते.

शिवायला कडेपासून सुरुवात करायची. साधा धावदोरा, चौफेर फिरत आत-आत. चार बाजूंना चौघी बसतात तेव्हा सुरुवातीला मध्ये अख्खी गोधडी असते, हाक मारल्यासारखं बोलावं लागतं. ओळी आत सरकतात तशा बायकाही गोधडीवर सरकत येतात. तिसऱ्या-चौथ्या बुधवारी गुडघ्याला गुडघा लागतो, आवाज आपोआप खाली येतो. आणि नजर टाक्यावर असते, कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. कर्जाचं, नवऱ्याच्या दारूचं, गेलेल्या लेकराचं बोलणं आमच्याकडे नेहमी अशा वेळीच निघालंय. म्हणून कुणी दोन तास काही बोललं नाही तरी विचारू नका. बोलली तर सल्ला देऊ नका, सुई चालू ठेवा आणि ऐका. खोलीतलं खोलीबाहेर जाता कामा नये, हे मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

माझ्या हातून एक चूक झाली होती. एक वहिनी यायच्या, पुरात त्यांचं दुकान गेलं होतं. त्यांचे टाके कधी बोटभर, कधी गव्हाएवढे, ओळ सापासारखी. पंचवीस वर्षं शिवण शिकवलेला माझा हात, मला राहवलं नाही. एका रात्री मी त्यांची ओळ उसवून सरळ घातली. पुढच्या बुधवारी त्या आल्या, आपल्या जागेवर बसल्या, बोट फिरवत आपली ओळ शोधली आणि काही न बोलता सुई खाली ठेवली. दोन आठवडे आल्या नाहीत. मी घरी जाऊन माफी मागितली. तेव्हा त्या म्हणाल्या, “ताई, आठवड्यात तेवढंच एक काम माझ्या हातून पुरं झालं होतं.” त्या दिवसापासून आमच्याकडे कुणाचा टाका कुणी उसवत नाही. थर सुटत असतील तर शेजारून दुसरी ओळ घालायची. तुम्हीही हा नियम करा.

हातकामाने माणसाला उभारी येते हे काही माझ्याच डोक्यातलं नाही. कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची, म्हणजे हाताला काम देऊन माणसाला उभं करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली, आपल्या देशातली पहिली. तिथे तो रीतसर शिकून करायचा उपचार आहे. आपण करतो ती सोबत, हा फरक विसरू नका. कुणाच्या गोळ्या चालू असतील तर ‘आता गोधडीने बरं वाटतंय, बंद कर’ असं चुकूनही म्हणू नका.

कुणी म्हणालं की जगणं नकोसं झालंय, तर ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. बाजूला घेऊन सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाली तर एकटीला सोडू नका, तिच्या विश्वासातल्या माणसाला बोलवा आणि तिथूनच १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची मानसिक आरोग्याची टेलिमानस सेवा, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. धोका अगदी समोर दिसत असेल तर ११२. हे दोन्ही नंबर आमच्या सुयांच्या डब्याच्या झाकणावर आतून चिकटवलेत. कात्र्या मोजून काढायच्या आणि मोजूनच डब्यात ठेवायच्या.

गोधडी कुणाला द्यायची हे आधीच ठरवा, नाहीतर शेवटी रुसवे होतात. आमच्याकडे पहिली गोधडी बाळंतिणीकडे गेली, नंतरच्या पाळीपाळीने घरी. विकायच्या भानगडीत निदान वर्षभर पडू नका, भाव आला की टाक्यांची तपासणी सुरू होते.

शेवटी मधोमध वीतभर जागा उरते, तिथे एकच हात मावतो. त्या दिवशी कुणाला द्यायचा तो टाका ते बैठकच ठरवते. गाठ मारून झाली की गोधडी घडी करून बाजूला ठेवा आणि त्याच दुपारी, कुणी उठायच्या आत, पुढच्या गोधडीचं खालचं कापड अंथरून चारही कोपरे टाचून ठेवा. एक बुधवार मोकळा गेला की त्यानंतरच्या बुधवारी दोघी-तिघी कमी येतात. ज्या येत नाहीत, त्यांनाच बहुधा यायची सगळ्यात जास्त गरज असते.