अतिसक्रिय थायरॉईड: गोळ्या, रेडिओआयोडीन की शस्त्रक्रिया, हे कसे ठरवावे

आपल्याकडे ग्रंथी मंदावली तरी आणि अतिसक्रिय झाली तरी 'थायरॉईड वाढला' असेच म्हणतात, म्हणून आधी रिपोर्ट नीट वाचावा. टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारे, मेंदूजवळच्या पिट्युटरी ग्रंथीचे संप्रेरक) वाढलेला असेल तर ग्रंथी बहुधा मंद असते. टीएसएच अगदी कमी आणि टी-३ किंवा टी-४ (थायरॉईडची स्वतःची संप्रेरके) जास्त असेल तर ती अतिसक्रिय असते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असल्यास हे आकडे फसवे येऊ शकतात, त्यामुळे त्या किमान २ दिवस आधी बंद करून रक्त द्यावे.

दुसरी पायरी कारण शोधण्याची, आणि ती कधीही टाळू नये. ग्रंथीला सूज येऊन साठलेले संप्रेरक रक्तात झिरपत असेल, तर ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप ओसरते; धडधडीवर तात्पुरती गोळी पुरते आणि शीर्षकातील तिन्ही उपचार निरर्थक ठरतात. ग्रंथीतील गाठी संप्रेरक बनवत असतील, तर गोळ्यांनी आजार आवाक्यात राहतो पण सहसा मुळातून जात नाही. खरा पेच ग्रेव्हज आजारात पडतो, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीला चेतवते. त्याचे निदान अँटिबॉडीच्या रक्तचाचणीने किंवा स्कॅनने होते.

ग्रेव्हजमध्ये कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल साधारण १२ ते १८ महिने देतात. त्यानंतर जवळपास निम्म्या रुग्णांत आजार उलटतो. गलगंड मोठा असल्यास किंवा रुग्ण धूम्रपान करत असल्यास ही शक्यता वाढते. या गोळ्यांचा एक दुष्परिणाम विरळ पण गंभीर आहे: पांढऱ्या पेशी एकाएकी घटतात. म्हणून ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करावी. डोळे पिवळे दिसल्यासही गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावे.

रेडिओआयोडीन (ग्रंथीच्या पेशी नष्ट करणारे किरणोत्सारी आयोडीन) कॅप्सूल किंवा द्रवरूपात एकदा घ्यायचे असते आणि त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे ते काही महिने लागतात. पुढे बहुतेकांची ग्रंथी मंदावते व थायरॉक्सिनची (थायरॉईड संप्रेरकाची) गोळी जन्मभर घ्यावी लागते. माझ्या मते आजार वारंवार उलटण्यापेक्षा हा सौदा अनेकांना परवडतो. मात्र गर्भारपणात आणि अंगावर दूध पाजत असताना हा उपचार वर्ज्य आहे, नंतरही किमान ६ महिने गर्भधारणा टाळावी लागते, आणि ग्रेव्हजमुळे डोळे पुढे आले असतील तर ते बळावू शकतात. काही दिवस लहान मुले व गर्भवती यांच्यापासून अंतर ठेवावे लागते. एका खोलीच्या घरात ते कसे जमेल, याचा विचार तारीख घेण्याआधी करावा.

गलगंड श्वासनलिकेवर दाब देत असेल, कर्करोगाची शंका असेल किंवा लवकर मूल हवे असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. आधी गोळ्यांनी संप्रेरके आटोक्यात आणतात. आवाजाच्या नसेला इजा आणि कॅल्शियम घटणे हे तिचे मुख्य धोके असून, ते अनुभवी हातांत कमी होतात; वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, हे सर्जनला निःसंकोच विचारावे.

मूल हवे असल्यास तसे पहिल्याच भेटीत सांगावे, कारण गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत औषधाची गरज असल्यास सहसा प्रोपिलथायोयुरॅसिल देतात. बाकी घाई नाही: गोळ्यांनी आकडे ताळ्यावर आल्यानंतर निर्णय घेता येतो, आणि काहींना कमी मात्रेची गोळी देखरेखीखाली वर्षानुवर्षे चालू ठेवणे हाही मान्य मार्ग आहे.