उष्टावणाआधी घरात काय-काय जमवून ठेवावं

सहा महिने भरेपर्यंत लेकराला आईचं दूधच पुरतं, वरून पाणीसुद्धा लागत नाही. म्हणून सामानाची जमवाजमव पाचवा महिना सरताना सुरू करावी आणि पहिला घास सहा महिने भरल्यावरच द्यावा. मान धरतं का, टेकून बसतं का, चमचा ओठांशी नेला की जिभेनं बाहेर लोटतं की आत घेतं, हेही तेवढ्यात बघून ठेवा. उष्टावणाला चांदीच्या चमच्यानं खीर चाटवायची तर चाटवा, मामाची हौस होऊ द्या. फक्त मध लावू नका. वर्षाच्या आत मध नाहीच. खरं काम दुसऱ्या दिवशीच्या जेवणापासून आहे, आणि यादी त्याचीच.

भांडी थोडीच लागतात. लेकराची म्हणून एक वाटी वेगळी काढा, म्हणजे आज किती खाल्लं ते कळतं. एक लहान चमचा, झाकणाचं पातेलं, घोटायला पळी. बाटली आणूच नका, ती नीट धुतली जात नाही. मिक्सरवाचून अडत नाही; लाईनीचा भरवसा नाही, आणि फार गुळगुळीत खायची सवय लागली की पुढं गाठी आल्या की लेकरू थुंकतं. चुलीजवळ साबणाची वडी ठेवा. रांधायच्या आधी हात, भरवायच्या आधी पुन्हा हात, आणि लेकराचेही, कारण ते मधेच वाटीत हात घालणारच.

पाणी उकळून गार केलेलं. पण अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात असाल तर एक ध्यानात घ्या: उकळल्यानं जंतू मरतात, खार जात नाही. तिथं लेकराच्या रांधण्याला बोअरचं पाणी घेऊ नका, पिण्याच्या योजनेचं गोडं पाणी वेगळ्या भांड्यात भरून ठेवा.

आता पीठ, सगळ्यात जास्त वेळ याचा. दोन वाट्या धान्य, एक वाटी डाळ. भंडारा-गोंदियाकडे घरचा तांदूळ असतो, वऱ्हाडात ज्वारी. जे कोठीत आहे तेच घ्या, शहरातून डबा आणायची गरज नाही. डाळ मुगाची बरी, पचायला हलकी. निवडून, धुऊन, सावलीत फडक्यावर पसरून वाळवा. भाजायचं मात्र वेगवेगळं. मूग लवकर भाजतो, ज्वारीला वेळ लागतो. एकत्र टाकलं तर डाळ करपते आणि ज्वारी कच्ची राहते. आच मंद, हात हलता. डाळीचा रंग जरा बदलला, खमंग वास सुटला की लगेच ताटात काढा, तापल्या कढईत ती भाजतच राहते. पूर्ण गार झाल्यावर दळा, ज्वारीचं पीठ बारीक चाळणीनं चाळा आणि कोरड्या स्टीलच्या डब्यात भरा. थोडंच करा, पंधरा दिवसांत संपेल एवढं.

मोड आणून सत्त्व करायचं तर गहू, नाचणी, मूग घ्या. ज्वारीला मोड आणू नका. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं हे गावात कोणाला सांगावं लागत नाही. तेच विष तिच्या मोडात असतं. आणि पूर्व विदर्भातल्या बायांनो, डाळ निवडताना लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, बाजूला काढा. तुरीच्या डाळीत ती मिसळून गेली की चटकन दिसत नाही, पण दाणा चौकोनीसर आणि एका बाजूनं तिरपा असतो. रोजच्या खाण्यात ती फार राहिली तर पाय लुळे पडतात.

रांधताना दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवा, मग चुलीवर ठेवून ढवळत शिजवा. उतरवल्यावर चमचाभर तूप किंवा तेल. मीठ-साखर वर्षभर नको. आणि इथंच घरोघरी वाद होतो. आजी म्हणते, "पातळ दे वं, गळ्यात अटकन." म्हणून लेकराला वरणाचं पाणी, भाताची पेज. पोट मुठीएवढं, ते पाण्यानंच भरलं तर अन्न कुठं मावणार? कशाचं पाणी द्यायचं नाही, त्यातली डाळ घोटून द्यायची. चमचा तिरपा केला तरी घास लगेच ओघळू नये, एवढं घट्ट. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. आठ महिन्यांपर्यंत अर्धी वाटी दोन-तीनदा, वर आईचं दूध चालूच. नवव्या-दहाव्या महिन्यात बोटानं कुस्करलेलं, हाताला गाठी लागतील असं.

परसातला मुनगा, म्हणजे शेवगा, विसरू नका. त्याचा कोवळा पाला, पालक किंवा लाल कोहळं त्याच पातेल्यात शिजवून घोटा. अंडं घरात चालत असेल तर पूर्ण उकडून, कुस्करून द्या. ते उष्ण पडतं म्हणून थांबू नका, लोह आणि ताकद दोन्ही त्यात आहे. नवीन जिन्नस एका वेळी एकच. केळं, पपई रोज चालेल. संत्र्याची फोड बी आणि साल काढून चुरडून द्या, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागतं. चहा उलटं करतो. चहात बुडवलेलं बिस्कीट हे आपल्याकडचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट उष्टावण! अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बोरं लेकराच्या हाताला लागतील अशी ठेवू नका. शेंगदाण्याचं बारीक कूट घासात चालतं, बुरशीचा एकही दाणा नको.

कापूस वेचणीच्या दिवसात आई पहाटे शेतात जाते, तेव्हा भरवणारी आजी किंवा मोठी बहीण असते. घट्टपणा तिला हातानं दाखवून ठेवा, आणि हेही सांगा की मांडीवर बसवूनच भरवायचं, निजवून नाही. सकाळचं शिजवलेलं दुपारी नको. मे महिन्यात तर तासा-दोन तासांत आंबतं. पीठ तयार असलं की ताजं शिजवायला फार वेळ लागत नाही.

शेवटी आशाताईकडून लोहाचं सिरप मागून घ्या: सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा, 1 मिली. शी काळी होते, घाबरू नका. घरात कोणाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर मात्र बाटली उघडण्याआधी ते तिला सांगा, आणि डॉक्टर म्हणतील तसं करा.