गोठ्यातली बॅटरी, धुऱ्यावरची वायर : या चुका टाळा

फवारणीचे दिवस लागले की माझ्या दुकानात दर दोन दिवसांनी तेच वाक्य कानावर येतं. "भाऊ, पंपाची बॅटरी गेली, नवी द्या." आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रसकडे कपाशीचा पेरा मोठा आणि पाठीवरचा बॅटरीपंप आता घरोघरी. मी आधी व्होल्ट मोजायचं मीटर लावतो. आणलेल्या बॅटऱ्यांपैकी बऱ्याच गेलेल्या नसतातच. ज्या खरंच गेल्या, त्या कुठे टाकल्या विचारलं तर उत्तर येतं, "पडली असंल गोठ्यात."

ई-कचरा म्हटलं की मोबाईल आणि लॅपटॉप डोळ्यांसमोर येतात. खेड्यात तो फवारणी पंपात आहे, कुंपणाच्या तारेत झटका सोडणाऱ्या झटका मशीनमध्ये आहे, विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत आहे, आणि पुष्कळदा ढोरांच्या दावणीशेजारी पडून आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

बॅटरी ढोरांच्या तोंडाजवळ ठेवणे

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. पंपाच्या, झटका मशीनच्या, मोटरसायकलच्या आणि ट्रॅक्टरच्या बहुतेक बॅटऱ्यांत शिशाच्या प्लेटा आणि गंधकाचं आम्ल असतं. खोकं फुटलं की प्लेटा उघड्या पडतात आणि गायी-बैल त्या चाटतात, वासरं तर तुकडे चघळतात. शिसं पोटात बसून हळूहळू रक्तात उतरत राहतं. जनावर दात खातं, डोळ्यांनी दिसेनासं होतं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहतं, झटके येतात. घरचे म्हणतात पान लागलं (साप चावला) असेल, नाहीतर कुणी विष घातलं असेल. अशी लक्षणं दिसली आणि गोठ्यात फुटकी बॅटरी असेल, तर डॉक्टरांना ते पहिल्या वाक्यात सांगा. रक्तातलं शिसं बांधून बाहेर काढणारं औषध आहे, पण वेळेत दिलं तरच उपयोग. आणि त्या जनावराचं दूध घरात वापरू नका, शिसं दुधातही उतरतं. लहान लेकरांच्या मेंदूला तर शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही.

न तपासता बॅटरी "गेली" ठरवणे

रात्रभर चार्ज करा, चार्जर काढून तीन-चार तास तशीच राहू द्या, मग मीटर लावा. 12.6 व्होल्टच्या आसपास किंवा वर दाखवत असेल तर पंप चालू करून पुन्हा बघा. आकडा 12 च्या जवळपास टिकला आणि तरी फवारा मंदच असेल, तर दोष जाळीत, नोझलमध्ये किंवा मोटरच्या डायफ्रॅममध्ये (आतल्या रबरी पडद्यात) आहे, बॅटरीत नाही. पंप सुरू करताच आकडा 10 च्या खाली कोसळला तर बॅटरी संपली समजा. चार्ज करूनही साडेदहाच्या वर चढतच नसेल तर सहापैकी एक खाना शॉर्ट झालेला असतो, आणि तो दुरुस्त होत नाही. टोकांवर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर बॅटरी पंपातून काढून, हातमोजे घालून, कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ती पुसा. कितीतरी पंप एवढ्यावरच चालू होतात.

या बॅटऱ्या कामाने कमी आणि पडून राहून जास्त मरतात. शेवटची फवारणी आटोपली की रिकामी बॅटरी तशीच टिनाखाली टाकून देतात आणि पुढच्या जुलैत बाहेर काढतात. पूर्ण चार्ज करून सावलीत ठेवा आणि दर दोन महिन्यांनी एकदा चार्ज करा. एवढं केलं तरी एका हंगामात मरणारी बॅटरी आणखी काम देते.

कोणताही अॅडॉप्टर कोणत्याही बॅटरीला लावणे

पंपाचा चार्जर बिघडला की घरातला जुना अॅडॉप्टर शोधतात. जुन्या वस्तूचा उपयोग करणं मला मनापासून आवडतं, पण इथे आकडे बघावे लागतात. सेटटॉप बॉक्सचा 12 व्होल्टचा अॅडॉप्टर 12 व्होल्टची बॅटरी पूर्ण भरूच शकत नाही, कारण भरायला साधारण 14.4 व्होल्ट लागतात. अर्धवट भरलेली बॅटरी आतून कडक होत जाते. उलट लॅपटॉपचा 19 व्होल्टचा अॅडॉप्टर लावला तर ती उकळते आणि पेट घेणारा वायू सोडते. जुनं सोलर पॅनलही थेट बॅटरीला जोडू नका. ज्याला आपण 12 व्होल्टचं पॅनल म्हणतो ते उन्हात मोकळं असताना 20-21 व्होल्ट देतं. मध्ये चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरीला जाणारे व्होल्ट आवरणारी पेटी, हवाच. तो लावला तर जुनं पॅनल आणि जुनी पण शाबूत बॅटरी गोठ्यातल्या एलईडी दिव्याला छान पुरते. माझ्या मते जुन्या सामानाचा खेड्यातला हा सगळ्यांत चांगला वापर आहे.

रानडुकरं आणि रोही (नीलगाय) वावरात शिरतात म्हणून बंद झटका मशीनच्या जागी घरचा करंट थेट तारेत सोडणारे आहेत. त्यांना हात जोडून सांगतो, हे करू नका. झटका मशीन सेकंदाला साधारण एकदा, क्षणभराचाच झटका देतं, म्हणून माणूस सुटतो. थेट करंटच्या तारेला चिकटलेला सुटत नाही. पहाटे त्या धुऱ्यावरून (बांधावरून) जाणारा शेजारीच असतो. हा गुन्हाही आहे.

फुगलेला मोबाईल आणि घरातला कापूस

भाव चढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवायची आपली रीत आहे. त्याच खोलीत, कधी त्याच ढिगावर, मोबाईल चार्जिंगला असतो. पाठ फुगलेला फोन चार्ज करायचाच नाही. फुगलेली लिथियम बॅटरी टोचू नका, दाबू नका, तिच्यातली हवा काढायला जाऊ नका. ती पेटली की आतूनच तापत जाते आणि शेजारी कापूस असेल तर घर वाचत नाही. टिनाच्या डब्यात कोरडी वाळू घाला, त्यात ती ठेवा आणि डबा घराबाहेर सावलीत ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, त्यामुळे टिनाच्या छपराखाली चांगल्या बॅटऱ्याही फुगतात.

लॅपटॉपचे जुने सेल काढून पॉवर बँक बनवणारी हुशार पोरं गावोगाव आहेत. त्यांचा हात चालतो याचं मला कौतुक आहे. पण सेल 2 व्होल्टच्या खाली गेला असेल तर त्याला पुन्हा जिवंत करू नका. वेगवेगळ्या वयाचे सेल एकत्र बांधू नका आणि संरक्षण सर्किटशिवाय काहीच जोडू नका.

तांब्यासाठी वायर जाळणे

दिवाळीच्या झाडलोटीनंतर धुऱ्यावर पऱ्हाटीबरोबर (कपाशीच्या वाळक्या काड्यांबरोबर) वायरीची गुंडाळी जळताना दिसते. वायरीच्या प्लास्टिकमध्ये क्लोरीन असतं. जाळल्यावर त्यातून आम्लाचा वायू आणि डायॉक्सिन नावाचं विष निघतं. डायॉक्सिन गवतावर बसतं आणि गवतातून दुधाच्या सायीपर्यंत जातं. जळून काळं पडलेल्या तांब्याला कबाडी भावही कमी देतो. ब्लेडने सोलायला संध्याकाळ लागेल, पण तांबं लखलखीत राहील.

टीव्हीचा जुना डब्बा फोडू नका. पिक्चर ट्यूबच्या आत निर्वात असतं, फुटली की काचा अंगावर येतात आणि त्या काचेत शिसं असतं. तुटलेल्या ट्यूबलाइटमध्ये किंवा सीएफएलमध्ये पारा असतो. खिडक्या उघडा, झाडू न मारता पुठ्ठ्याने आणि ओल्या कापडाने गोळा करा. हे तुकडे, घड्याळाचे सेल, काहीही खताच्या खड्ड्यात टाकू नका, तेच पुढे शेणखताबरोबर वावरात पसरतं. बंद फ्रिज धान्याची पेटी म्हणून ठेवायचा असेल तर आधी दार काढा किंवा कुलपाची सोय करा. खेळता खेळता आत अडकलेलं लेकरू आतून दार उघडू शकत नाही. नवीन फ्रिजमध्ये बरेचदा पेट घेणारा गॅस असतो, म्हणून त्याच्या नळ्या स्वतः कापू नका.

मग द्यायचं कुठे?

शिशाची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्या. जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करवून घेणं ही उत्पादक कंपनीची जबाबदारी आहे. किमतीत सूटही मागा. मोबाईल, टीव्ही, फ्रिज यांसाठी 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांत पुनर्वापराची जबाबदारी उत्पादक कंपनीवर आहे. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर मिळते. राज्याच्या मंडळाची प्रादेशिक कार्यालयं नागपूर, अमरावती आणि चंद्रपूरला आहेत. एका घरच्या दोन चार्जरांसाठी कुणाची गाडी येणार नाही. ग्रामपंचायतीने दिवाळीच्या आधी एक कोरडी खोली दाखवून दिली आणि अख्ख्या गावाचं सामान तिथे जमलं, तर बोलावता येते. फोन देण्याआधी त्यातलं गूगल खातं काढा आणि मगच रिसेट करा. खातं तसंच राहिलं तर तो फोन पुढच्या माणसाला उघडता येत नाही आणि चांगला फोन भंगारात जातो. बॅटऱ्यांच्या दोन्ही टोकांना काळी टेप लावा, लिथियमच्या वेगळ्या डब्यात ठेवा, शिशाच्या उभ्याच ठेवा, आणि त्या खोलीला कुलूप लावा.